आधी ताप, साखर आणि दारू विचारा

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या वाचकांचे मानसिक आजाराबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. घरातला माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर आधी कुठे न्यायचं: भगताकडे, कासा-डहाणूच्या सरकारी दवाखान्यात, की थेट ठाण्याला? मेंदूचा फोटो काढला तर आजार कळेल का? गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर घ्याव्या लागतात का? प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांच्यामागे समजूत एकच आहे. अंगाचा आजार वेगळा, त्याचा दवाखाना गावाजवळ; डोक्याचा आजार वेगळा, त्याची वाट एक तर देवाकडे जाते, नाही तर ठाण्याच्या मनोरुग्णालयाकडे. या समजुतीपायी उपचाराचे पहिले महिने वाया जातात, आणि तेच महिने सर्वांत मोलाचे असतात.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. वेडाला भिंतीआड ठेवायचं, ही त्या काळची रीत होती. ती बदलायचं धोरण १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमात ठरलं, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम आला, पण लोकांच्या मनातली वाट बदलली नाही. निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी एखादा मानसिक विकार होता, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. त्या यादीत महाराष्ट्र नव्हता, शेजारचा गुजरात होता. पण सीमेच्या अलीकडे चित्र फार निराळं असेल असं मानायला कारण नाही.

या लेखाचं म्हणणं सरळ आहे. मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. त्याला साखर, प्राणवायू, लोह आणि झोप लागते. ताप, दारू, डोक्याला लागलेला मार त्याला बिघडवतात. तशीच भीती, कर्ज, मारहाण आणि एकटेपणही बिघडवतात. म्हणून आधी शरीर तपासायचं, मग मनावर उपचार, आणि त्याच वेळी घर, काम आणि पैसा यांची सोय. हा क्रम तुमच्या तालुक्यातच सुरू होऊ शकतो.

पहिल्या दिवशी ‘वेड लागलं’ असं गृहीत धरू नका

मानसिक आजार बहुधा आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढत जातो. काल ठीक असलेला माणूस आज भलतंच बोलत असेल, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नसेल, तासाभरात शुद्धीवर येऊन पुन्हा भरकटत असेल, तर तो बिघाड बहुतेक वेळा शरीरातून आलेला असतो. मेंदूचा हिवताप, मेंदूज्वर, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), मधुमेहाच्या गोळीनंतर घसरलेली साखर, उन्हाचा तडाखा, वृद्धांमध्ये कमी झालेलं सोडियम किंवा लघवीचा संसर्ग, फवारणी करताना अंगात गेलेलं विष: यांतलं काहीही असंच दिसतं. क्षयरोगाच्या काही औषधांमुळेही मन भरकटतं, पण म्हणून ती परस्पर बंद करायची नसतात. डॉक्टर ती बदलून देतात. अशा रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाची नव्हे, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाची गरज असते.

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. ना भगत, ना ठाणे, ना सकाळची वाट.

- तापासोबत बडबड, मान ताठ होणं, गुंगी येणं
- डोक्याला मार लागल्यावर उलट्या किंवा झोपाळूपणा, मग मार दोन दिवसांपूर्वीचा का असेना
- आयुष्यात पहिल्यांदा आलेली फिट, किंवा पाच मिनिटांत न थांबलेली फिट
- तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं (सिकलसेलच्या रुग्णाला हे तरुण वयातही होऊ शकतं)
- बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झोप पूर्ण उडून बाई भलतंच बोलू लागणं
- फवारणीनंतर किंवा फवारणीचं औषध पोटात गेल्यावर लाळ, घाम आणि गोंधळ

बाळंतिणीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण ‘बाहेरचं लागलं’ हा शब्द तिच्याच बाबतीत सर्वांत लवकर उच्चारला जातो. हा आजार क्वचित होतो, पण वेगाने वाढतो, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर येऊ शकतो, आणि वेळीच औषध मिळालं तर बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. बाळाचं वजन झालं की तिला आईच्या झोपेबद्दलही सांगा.

दारू-ताडी एका दिवसात बंद करू नका

हे वाक्य विचित्र वाटेल. दारू सोडायलाच हवी, यावर दुमत नाही. पण रोज सकाळपासून पिणाऱ्याने माळ घातली, नवस केला किंवा पोटदुखीसाठी दवाखान्यात भरती झाला आणि दारू एका फटक्यात तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हात थरथरणं, घाम सुटणं, नसलेले किडे-माणसं दिसणं, रात्रभर ओरडणं सुरू होतं. घरच्यांना वाटतं की देवाने शिक्षा केली किंवा भूत शिरलं. प्रत्यक्षात दारूची सवय झालेला मेंदू अचानक मोकळा सुटलेला असतो, आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. म्हणून रोजचा पिणारा सोडायला तयार झाला, की त्याला आधी डॉक्टरकडे न्या. पाच-सात दिवस गोळ्यांच्या आधाराने दारू सुरक्षितपणे सुटते. कोणत्याही कारणाने भरती करताना ‘हा रोज पितो’ हे लाज न बाळगता सांगा. अशा रुग्णाला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं. ते राहिलं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. दारूचं व्यसन हा कायद्यानेही मानसिक आजारच आहे, त्यामुळे पुढे सांगितलेले सगळे हक्क पिणाऱ्यालाही लागू होतात.

तपासण्या कोणत्या, आणि स्कॅन कधी

‘मेंदूचा एकदा फोटो काढून टाकू’ हा आग्रह कुटुंबाकडून फार होतो. वापी-मुंबईला जाऊन हजारो रुपये खर्च झाल्यावर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. मग कुणी म्हणतं की माणूस ढोंग करतोय, तर कुणी म्हणतं की म्हणजे बाहेरचंच आहे. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. नैराश्य, चिंता, स्किझोफ्रेनिया हे आजार मेंदूच्या कामकाजाचे आहेत, पण सीटी किंवा एमआरआयमध्ये त्यांची ओळखू येईल अशी खूण नसते. निदान आजही माणसाशी आणि घरच्यांशी नीट बोलूनच होतं. अमेरिकेत मेंदूतल्या रक्तप्रवाहाची रंगीत चित्रं काढून नैराश्याचे ‘प्रकार’ सांगणारे दवाखाने आहेत. चित्रं देखणी असतात. रोजच्या निदानासाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, ही मात्र मनोविकारशास्त्रातल्या जाणकारांची भूमिका आहे. मेंदूकडे लक्ष द्या याचा अर्थ मेंदूचे फोटो काढा असा नाही.

उपयोगी तपासण्या बहुतेक स्वस्त आणि जवळ होणाऱ्या आहेत: रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, शक्य असल्यास बी-१२, सिकलसेलची स्थिती, आणि स्त्रियांमध्ये गरोदरपणाची तपासणी. रक्त कमी असलेली बाई सदा थकलेली, उदास, चिडचिडी दिसते. थायरॉइड मंदावलं तरी तसंच होतं. या माणसांना नैराश्याची गोळी देऊन मूळ कारण तसंच ठेवणं म्हणजे अर्धाच उपचार. स्कॅन हवा तो पहिली फिट आल्यावर, डोक्याला मार लागल्यावर, अंगाची एक बाजू कमजोर झाल्यास, डोकेदुखी वाढत जाऊन पहाटे उलट्या होत असल्यास, किंवा उतारवयात पहिल्यांदाच स्वभाव पालटल्यास.

फिट हा तर सरळ मेंदूचाच आजार. चप्पल हुंगवून, हातात लोखंड देऊन ती थांबत नाही. बहुतेक वेळा ती आपोआपच थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. नियमित गोळीने बहुसंख्य रुग्णांच्या फिट थांबतात. मात्र लग्नाच्या वयाच्या मुलीला व्हॅल्प्रोएट लिहून दिलं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, कारण गर्भावर त्याचा वाईट परिणाम होतो. आणि तरीही गोळी स्वतःहून थांबवू नका.

कुठे जायचं

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजाराच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. ‘इथे डोक्याचा डॉक्टर नाही’ असं उत्तर मिळालं तरी शरीराची तपासणी, चिठ्ठी आणि नोंद मागून घ्या. पुढची पायरी म्हणजे तलासरीचं ग्रामीण रुग्णालय किंवा कासा आणि डहाणूची उपजिल्हा रुग्णालयं. मनोविकारतज्ज्ञ किंवा जिल्हा पथक येतं का, कोणत्या वारी येतं, हे केसपेपरच्या खिडकीवर आधी विचारा. एक फेरी चुकली की एक दिवसाची मजुरी जाते. धुंदलवाडीजवळ सासवंदला वेदांता हे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग असावाच लागतो. मात्र कोणती सेवा मोफत, कोणती सरकारी आरोग्य योजनेत, हे भरती होण्याआधी लेखी विचारा.

त्याहून मोठ्या तज्ज्ञाची गरज पडली तर डहाणू रोडहून लोकलने मुंबई गाठता येते. मुंबई सेंट्रलजवळचं नायर आणि परळचं केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि चालत्या-बोलत्या रुग्णाला ठाण्यापेक्षा ही वाट अनेकदा सोयीची पडते. तलासरीकरांना वापी-सिल्वासा जवळ पडतं हे खरं. पण महाराष्ट्राच्या रेशनकार्डावरची आरोग्य योजना सीमेपलीकडच्या रुग्णालयात चालेल असं धरून निघू नका.

घरातून निघणंच अशक्य असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लावा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं. रुग्ण वारलीतच बोलत असेल तर घरातल्या शाळकरी मुलाला दुभाषा करू नका. आईच्या मनातलं मुलासमोर बाहेर येणार नाही. आशाताई किंवा एखादी मोठी बाई बरोबर घ्या.

गोळी की बोलणं?

आजाराप्रमाणे उत्तर बदलतं. कानात आवाज येणं, सगळे माझ्या वाईटावर आहेत अशी पक्की खात्री, किंवा आठवडाभर न झोपता अखंड धावपळ आणि उधळपट्टी: इथे औषधाला पर्याय नाही. सौम्य नैराश्यात आणि चिंतेत बोलण्याचा उपचार पुरेसा ठरू शकतो, तर तीव्र नैराश्यात दोन्ही लागतात. ‘बोलून काय होतं?’ ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर आपल्या शेजारून, गोव्यातून आलं आहे. तिथल्या संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. रुग्णाला जमेल असं एखादं काम पुन्हा सुरू करून देणं, माणसांत आणणं, अडचणी एकेक करून सोडवणं, हे त्याचं स्वरूप होतं. नेहमीच्या उपचारापेक्षा या रुग्णांत अधिक सुधारणा झाली, आणि ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पालघरमध्ये मनोविकारतज्ज्ञ वाढायला वर्षं लागतील. समुपदेशन शिकलेली परिचारिका किंवा आरोग्यसेविका त्याआधी मिळू शकते.

दुसरी शंका उलट दिशेची. ‘मेंदूत एक रसायन कमी पडतं, गोळी ते भरून काढते’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०२२ सालच्या एका मोठ्या आढाव्यात नैराश्याच्या त्या साध्या स्पष्टीकरणाला भक्कम पुरावा सापडला नाही. मग गोळ्या फसव्या का? नाही. २०१८ साली ५२२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या तेव्हा तपासलेली सर्व २१ नैराश्यविरोधी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक प्रचंड नव्हता, पण होता. औषध उपयोगी पडतं आणि ते नेमकं कसं पडतं हे पुरतं उलगडलेलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की गोळी म्हणजे जन्मभर भरून काढायची कमतरता नव्हे, आणि प्रत्येकाची गोळी जन्मभराची नसते.

गोळी सुरू करताना या गोष्टी लक्षात ठेवा:

- नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नका.
- बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने गोळी चालते, मग हळूहळू कमी करतात. स्किझोफ्रेनियात याहून बराच जास्त काळ.
- भ्रमाच्या आजाराच्या काही औषधांनी मान किंवा जीभ वाकडी होते, डोळे वर फिरतात. पाहणाऱ्याला हे भूत अंगात आल्यासारखं वाटतं. एका इंजेक्शनने ते उतरतं. लगेच दवाखान्यात जा.
- लिथियम घेणाऱ्याने उलट्या-जुलाबात आणि उन्हातल्या कामात पाणी-मीठ कमी पडू देऊ नये, आणि दुखण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्याची रक्तातली पातळी ठरावीक काळाने तपासावी लागते.
- दुकानातून सुटी मिळणारी झोपेची गोळी हा मानसिक आजारावरचा उपचार नाही. तिची सवय लागते.

‘आमचं दुःख गरिबीचं आहे, गोळीने काय होणार?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि मेंदू-मेंदू करणाऱ्यांनी तो गंभीरपणे घ्यायला हवा. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची तीव्रता ४.१ होती. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपू लागले. त्या काळात छातीत धडधडणं, झोप न लागणं, भांड्याच्या आवाजाने दचकणं याला आजार म्हणायचं का? मुळीच नाही; मेंदू आपलं काम चोख करत होता. घर भक्कम होणं, खरी माहिती मिळणं आणि रात्री झोपायला सुरक्षित जागा मिळणं, हाच त्यावरचा उपचार. गुजरातच्या बोटींवर गेलेले या तालुक्यांतले खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात अडकले, तेव्हा त्यांच्या बायकांची उडालेली झोपही अशीच. त्यांना गोळी देऊन गप्प बसवणं अन्याय ठरेल.

पण याच आक्षेपाची दुसरी बाजूही पाहा. कारण परिस्थितीत असलं तरी काही माणसांत परिणाम स्वतःच्या पायांवर उभा राहतो. धक्के थांबतात, झोप परत येत नाही. कर्ज फिटतं, जेवण जात नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदासी, कामात मन न लागणं, भूक-झोप बिघडणं आणि जगणं नकोसं वाटणं असेल, तर गरिबी हटेपर्यंत थांबायला सांगणं हाही अन्यायच. दोन्ही बाजूंनी काम करायला हवं, आणि ते जमतं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ या आदिवासी तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाच्या उपक्रमात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी त्रासलेल्यांचं ऐकून घेतलं, गरज पडली तर दवाखान्यात पोहोचवलं, आणि सरकारी योजनांचे अर्जही भरून दिले. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख मदत सुरू झाल्यावर आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचं एका अभ्यासात दिसलं. अर्ज भरणं हादेखील उपचाराचा भाग आहे.

म्हणून दीर्घ आजार असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि ४० टक्क्यांपासून पुढे बहुतेक लाभ मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो.

जाता जाता: शहरी मासिकांतला ‘मेंदूसाठी बदाम आणि सकाळची धाव’ हा सल्ला चिकूच्या वाडीत दिवसभर राबणाऱ्या बाईला देऊ नये. तिला व्यायाम भरपूर आहे. हवी आहे ती झोप, पोटभर डाळ आणि लोहाची गोळी. आणि दुचाकीवरच्या पुरुषांना, डोक्याला मार बसू नये म्हणून, हवं आहे हेल्मेट.

भगताला सोडायचं का?

तोडून टाका असा सल्ला आम्ही देणार नाही. तो कुणी पाळत नाही, आणि भगत गावात जो धीर देतो त्याची जागा घेणारं दुसरं कुणी तिथे नसतं. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम चालला: मुजावरांनीच रुग्णांना शेजारच्या डॉक्टरकडे पाठवायचं. सर्पदंशाबाबत डहाणू तालुक्यातल्या आदिवासींच्या समजुतींवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही भगतांना वगळून चालणार नाही हे दिसतं. दुसऱ्या टोकाला तमिळनाडूतलं एरवाडी आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत तिथे साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले.

तेव्हा अटी ठरवून जा. गोळी बंद होणार नाही. बांधणं, मारणं, चटके, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं चालणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली हे करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि भगताने आजाराचं कारण म्हणून गावातल्या एखाद्या बाईचं नाव घेतलं, तिला भुताळी ठरवलं, तर तिथून उठा. तुमचा रुग्ण बरा होणार नाही, आणि एका निरपराध बाईचा जीव धोक्यात येईल.

वीटभट्टीला किंवा बोटीवर जाताना

उपचार मोडण्याचं इथलं सर्वांत मोठं कारण अंधश्रद्धा नाही, स्थलांतर आहे. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जातं, खलाशी ऑगस्टपासून बोटीवर असतो, आणि गोळ्या पंधरा दिवसांच्याच असतात. निघण्याआधी डॉक्टरांना महिने सांगा आणि तेवढा साठा मागा. केसपेपर आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण औषधाच्या नावावरून दुसऱ्या गावातलं सरकारी रुग्णालयही उपचार पुढे चालू ठेवू शकतं. बोटीवर तांडेलाला फिटच्या आजाराची कल्पना द्या; असा माणूस जाळं ओढताना पाण्यात पडला तर वाचत नाही.

कायद्याने तुमचं काय आहे

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यातलं तुमच्या रोजच्या कामाचं एवढं:

- अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात सर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत. म्हणजे तलासरी, कासा, डहाणू.
- दारिद्र्यरेषेखालच्या, तसंच निराधार किंवा बेघर रुग्णाला सरकारी संस्थेत उपचार पूर्ण मोफत. दारिद्र्यरेषेचं कार्ड नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही.
- तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञ येईपर्यंत थांबण्याची गरज नाही.
- साखळीने बांधणं कुठेही, कोणत्याही प्रकारे बेकायदा. भूल न देता विजेचे झटके देणंही बेकायदा.
- आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, हे रुग्ण बरा असताना साध्या कागदावर लिहून ठेवू शकतो. नवऱ्यापेक्षा बहिणीवर विश्वास असेल तर बहिणीचं नाव लिहावं.
- भरती झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडता येत नाही.
- रस्त्यावर भटकणारा रुग्ण आपली काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याला संरक्षणात घेणं आणि २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. महामार्गावर असा माणूस दिसला तर ११२ लावा.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलची भीती अजून गेलेली नाही. केस होईल म्हणून नातेवाईक ‘चुकून प्यायला’ असं सांगतात आणि उपचार चुकतो. या कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असंच मानलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा देणारं जुनं कलम नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, घाबरू नका. पोटात गेलेल्या औषधाची बाटली सोबत न्या. मिरची आणि चिकूच्या फवारणीचं औषध घरात उशाशी न ठेवता कुलुपात किंवा एकत्रित जागी ठेवा. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं बंद केली तेव्हा तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. टोकाचा क्षण बहुधा थोडा वेळच टिकतो, आणि तेवढा वेळ हाताशी विष नसलं की माणूस वाचतो.

ग्रामसभेत हा विषय घ्या

कायद्यात मोफत औषध आहे आणि खिडकीवर ‘संपलंय, पुढच्या महिन्यात या’ आहे, तर एकट्या रुग्णाने भांडून उपयोग नाही. गोळ्यांत महिनाभराचा खंड पडला की आजार उलटतो, म्हणजे हा कागदी घोटाळा नाही, थेट नुकसान आहे. नकार मिळाला तर तारीख आणि औषधाचं नाव घालून रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. इथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याचं बळ आहे. पुढच्या ग्रामसभेत तीन मागण्या ठरावात लिहून घ्या: तालुक्याच्या रुग्णालयात मानसिक आजाराची आणि फिटची औषधं अखंड मिळावीत, तज्ज्ञ येण्याचा वार फलकावर लिहावा, आणि वीटभट्टीच्या हंगामाआधी रुग्णांना दोन-तीन महिन्यांचा साठा द्यावा. ठरावाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा, आणि त्यांचं उत्तर त्याच्या पुढच्या सभेत वाचून दाखवायला सांगा.